कोलाज वाळला की पुठ्ठा वाकतो : रद्दीच्या कागदाचं चिकटकाम आणि पाण्याचा हिशोब

चिकटवताना कोलाज अगदी सपाट असतो. रात्री नीट ठेवून झोपावं आणि सकाळी पाहावं तर पुठ्ठ्याचे कोपरे वर. वजनाखाली ठेवला तर दोन दिवस बरा राहतो, काढला की पुन्हा तेच. शाळेच्या प्रदर्शनासाठी, घरच्या भिंतीसाठी किंवा विकण्यासाठी रद्दीच्या कागदाचं काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. आपल्याकडे मराठवाड्यात ती वर्षातून दोनदा डोकं वर काढते, एकदा मृगाचा पाऊस पडल्यावर आणि एकदा होळीनंतर ऊन तापायला लागलं की.

पहिला संशय गोंदावर जातो. फेविकॉल सोडून खळ, खळ सोडून डिंक, डिंक सोडून ग्लू स्टिक असा प्रवास होतो आणि पुठ्ठा वाकायचा काही थांबत नाही. कारण दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो, पाण्याचा असतो. कोणता कागद किती पाणी प्यायला, कोणत्या दिशेला फुगला आणि किती घाईनं वाळला, हे कळलं की मैद्याच्या साध्या खळीतही सपाट काम होतं.

पुठ्ठा का वाकतो

कागद म्हणजे तंतूंचा थर. तंतू ओला झाला की लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला मात्र चांगलाच फुगतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. या दिशेला प्रेसवाले आणि बाइंडर ‘ग्रेन’ म्हणतात. त्यामुळे ओला कागद ग्रेनच्या दिशेला जेमतेम वाढतो आणि ग्रेनला आडवा बराच वाढतो. खळ लावली की कागद वाढतो, आणि त्या वाढलेल्या मापातच तो कोरड्या पुठ्ठ्यावर बसतो. वाळताना त्याला परत मूळ मापावर यायचं असतं, पण आता तो चिकटलेला असतो. मग तो पुठ्ठ्यालाच आपल्याकडे ओढतो.

म्हणून वाकलेला कोलाज आधी नीट पाहा, हात लावायची घाई करू नका. त्याच्या आकारातच कारण दिसतं. चित्राची बाजू आत गेली आहे आणि समोरासमोरच्या दोनच कडा वर आल्या आहेत, पुठ्ठा पन्हाळीसारखा झालाय, तर पुढच्या कागदांची ग्रेन त्या वर आलेल्या कडांना समांतर आहे आणि मागच्या बाजूला तिला तोलणारं काही नाही. एक कोपरा वर आणि त्याच्या शेजारचा खाली, असा तिरका पीळ पडला असेल तर मोठे कागद एकमेकांना आडव्या ग्रेननं लागलेत. चित्राची बाजू फुगून बाहेर आली असेल तर ते बहुधा पावसाळ्यातलं दुखणं. समोरचा कागद हवेतला दमटपणा पिऊन वाढलाय आणि मागच्या बाजूला तेवढा दमटपणा पोचलेला नाही.

ग्रेन ओळखायला काहीच लागत नाही. कागद न मोडता आधी एका दिशेनं, मग दुसऱ्या दिशेनं हलकेच वाकवा. ज्या दिशेनं तो सहज वळतो, त्या वळणाच्या नळीला समांतर ग्रेन असते. डोळे मिटूनही हा फरक हाताला कळतो. खात्री हवी असेल तर त्याच कागदाचा चौकोनी तुकडा कापून एकाच बाजूनं ओल्या बोटानं पुसा. क्षणभरात तो गुंडाळायला लागतो आणि त्याची जी सुरळी होते तिच्या लांबीच्या दिशेला ग्रेन. रोजचा पेपर वरून खाली, रकान्यांच्या दिशेनं सरळ फाटतो आणि आडवा फाडला की वाकडातिकडा जातो, त्याचं कारणही हेच.

कागदाचा स्पर्श किती सांगतो याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून कोलाज केले. आपण डोळस माणसं कागदाकडे फक्त रंग आणि छपाई म्हणून बघतो, त्याच्या अंगाकडे बघतच नाही. रद्दीतून कागद निवडताना तो आधी वाकवून पाहायची सवय लावून घ्या. निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

सगळे तुकडे एकाच ग्रेननं लावायचे का? नाही. तळहाताएवढे आणि त्याहून लहान तुकडे कसेही लावा, त्यांची ओढ एकमेकांत जिरून जाते. जपायचं ते मोठ्या कागदाला, म्हणजे पार्श्वभूमीला. पूर्ण पुठ्ठा झाकणारा पहिला कागद पुठ्ठ्याच्या ग्रेनला समांतर लागलाच पाहिजे. पुठ्ठ्यालाही ग्रेन असते, तीही वाकवूनच कळते.

पार्श्वभूमीसाठी शक्य असेल तर हातकागद घ्या. आपल्याकडे त्याचं गावच आहे. संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागदाची परंपरा जोडली जाते. चिंध्यांच्या लगद्यात चौकट बुडवून, हलवून उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना पसरतात. त्यामुळे तो सगळीकडे साधारण सारखा वाढतो, सारखा आकसतो आणि पीळ पडत नाही. फक्त पाणी जास्त पितो, म्हणून त्याला खळ घट्टच हवी.

मागचा कागद, फरशी आणि कूलर

यावरचा मुख्य उपाय जुना आणि खात्रीचा आहे. पुढे जितकं चिकटवलं, तितकं मागेही चिकटवा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला त्याच जाडीचा, त्याच ग्रेनचा, त्याच गोंदानं पूर्ण मापाचा एक कागद लावायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा मध्ये सरळ राहतो. हा कागद शेवटी लावू नका. पार्श्वभूमी लागली की लगेच उलटा करून मागचा लावा, दोन्ही एकत्र वाळू द्या आणि मगच वरचे तुकडे सुरू करा. पुढे थर वाढत गेले तर मागे आणखी एक कागद चढवायला हरकत नाही.

खळ लावल्यावर कागद लगेच चिकटवायची घाई नको. दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. तो आधी लाटांसारखा होतो, मग शांत होऊन लोळतो. पूर्ण वाढून झाला की मग पुठ्ठ्यावर टेकवा. घाईत लावलेला कागद पुठ्ठ्यावर गेल्यावर वाढत राहतो, आणि ज्या सुरकुत्या आपण तळहातानं दाबत बसतो त्या तिथूनच येतात.

वाळवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. एप्रिल-मे महिन्यात परभणी, नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओल नावाला नसते. पंख्याखाली किंवा गच्चीवर ठेवलेला कोलाज वरून अर्ध्या तासात वाळतो, आत मात्र ओला असतो. वरचा थर आकसून बसलेला आणि आतला अजून फुगलेला, म्हणजे वाकण्याची पूर्ण तयारी. उन्हात वाळवू नका, पंखा बंद करा. काम दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदात घाला, त्याच्या वर आणि खाली पेपरची घडी, मग सपाट फळी आणि फळीवर वजन. वजनाला शहाबादी फरशीसारखी गोष्ट नाही. जड, सपाट, आणि बांधकामातून उरलेली एखादी कुठल्याही घरामागे सापडतेच. पहिल्या तासाभरानं पेपरच्या घड्या बदला, संध्याकाळी पुन्हा बदला. त्या ओल्या लागतात, ते सगळं पाणी कोलाजमधून आलेलं असतं. मग दोन दिवस उघडून बघू नका.

कूलरचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात आपण कूलरच्या हवेत बसून काम करतो. ती हवा ओली असते. कागद ती ओल पिऊन आधीच वाढलेला असतो आणि त्यावर आपण खळ लावतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर बंद असताना खोली भट्टीसारखी तापते आणि सगळं एकदम आकसतं. कूलर लावायला हरकत नाही, पण कामाच्या टेबलावर त्याचा झोत नको, आणि कागद व पुठ्ठा आदल्या दिवशीपासून एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवा. कपाटातला पुठ्ठा आणि कूलरपुढचा कागद यांची जोडी जमत नाही.

खोक्याचा तपकिरी पुठ्ठा फुकट मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात. त्याच्या आतल्या लाटांच्या रेषा काही दिवसांनी चित्रात उमटतात आणि तो त्या रेषांवरून मोडल्यासारखा वाकतो. तोच वापरायचा असेल तर दोन तुकडे घ्या, एकाच्या लाटा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या करून ते चिकटवा. तरीही विकायच्या कामाला दोन मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा आणा. बाइंडिंगवाल्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या असतात, मागितल्या तर मिळतात.

खळ की फेविकॉल

दोन्ही चालतात, दोघांचं काम वेगळं. खळीत पाणी जास्त, त्यामुळे कागद जास्त वाढतो, पण तुकडा सरकवता येतो आणि चुकला तर ओला करून काढता येतो. फेविकॉलमध्ये पाणी कमी आणि पकड घट्ट, पण एकदा बसला की बसला. मोठ्या पार्श्वभूमीला आणि मागच्या कागदाला मी खळ सुचवेन, वरच्या लहान तुकड्यांना पातळ थरात फेविकॉल. त्यात पाणी घालायचंच असेल तर तीन भागाला एक भाग, त्याहून जास्त नाही. बाभळीचा डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो आणि कागद थोडा हलला की तडकतो. पाकिटाला तो ठीक आहे, कोलाजला नको.

खळ अशी करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. चार वाट्या पाणी उकळून त्यात तो हळूहळू सोडा आणि मंद आचेवर हलवत राहा. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली आणि पळीवरून जाड धार पडायला लागली की उतरवा. फडक्यातून गाळा, नाहीतर गुठळीची गाठ पातळ कागदाखाली कायम दिसते. पूर्ण गार करूनच वापरा. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. आंबट वास आलेली खळ वापरू नका, तिचे डाग पुढे पिवळे पडतात. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे. मुलं हात लावणार असतील तिथे ते अजिबात नको, त्याऐवजी लवंगेच्या तेलाचे दोन-चार थेंब घाला.

कागद सापडला कुठे, त्यावर दुखणं ठरतं

*पेपरची रद्दी.* हा कागद लाकडाचा भुगा करून बनवतात. त्यात लाकडातला लिग्निन नावाचा घटक तसाच राहतो, तो उजेडानं आणि हवेनं पिवळा, मग तपकिरी होतो. १९१२ मध्ये ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी चिकटवलेल्या कागदाची चित्रं सुरू केली, त्यातले पिकासोनं लावलेले वर्तमानपत्राचे तुकडे आज चांगलेच तपकिरी झाले आहेत. वार्निशनं हे लांबतं, थांबत नाही. म्हणून चित्रात जिथे पांढरा हवाच आहे तिथे पेपर लावू नका, जिथे मातकट झालेलं चालेल तिथे लावा. एखादा मथळा तसाच ताजा राहायला हवा असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्सची काळी पूड पाण्यानं पसरत नाही. घरच्या शाईच्या प्रिंटरची प्रत बहुतेक वेळा पसरते, तिला ओली खळ लावण्याआधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून पाहा.

*एसटीचं तिकीट.* मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावर शाई नसतेच. कागदावरच्या लेपाला उष्णतेनं रंग येतो, म्हणून ते काही महिन्यांत पुसट होतं आणि इस्त्री फिरवली तर क्षणात काळं पडतं. स्पिरिट असलेल्या गोंदानं किंवा मार्करनंही तेच होतं. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचे कपटे चिकटवायचा आणि त्यांवरची अक्षरं अजून वाचता येतात, कारण ती छापलेली होती. आपल्या बीड-अंबाजोगाई प्रवासाची आठवण ठेवायची असेल तर झेरॉक्स लावा आणि खरं तिकीट वहीत ठेवा.

*लग्नपत्रिका.* दिवाळीनंतर घरोघर ढीग पडतो, आणि कोलाजसाठी यासारखा रंग दुसरीकडे सापडत नाही. पण कडा उचकटण्याच्या निम्म्या तक्रारी याच कागदाच्या आहेत. कारण एक, जाडी. कार्डाच्या कोपऱ्यात नखानं थर सुटा करा आणि मागचा अर्धा हळूच सोलून टाका. उरलेला छापील थर कागदासारखा बसतो. कारण दोन, वरची प्लास्टिकची पातळ झिल्ली. तिच्यावर दुसरा तुकडा चिकटवायचा असेल तर तेवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर फिरवून चकाकी घालवा, मग फेविकॉल धरतो. नातेवाइकांनी दिलेल्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असतं. ते बोट सुंदर दिसतं म्हणून पुष्कळ जण मुद्दाम ठेवतात, पण खळीच्या पाण्यानं कुंकू पसरून शेजारचा पांढरा भाग गुलाबी होतो आणि उन्हात हळद उडून जाते. कोपरा हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी, मागून फक्त कडांना घट्ट फेविकॉल लावून बसवा आणि वर पाण्याचा हात लावू नका. पत्रिकेवरचा गणपती किंवा कुलदैवत कापून आधीच वेगळं ठेवा. तुळजाभवानीचं चित्र कात्रीत सापडलेलं घरातल्या मोठ्यांना रुचत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

*मोंढ्यातल्या जुन्या चोपड्या.* आडतीच्या दुकानातल्या खतावण्या, रोजमेळ रद्दीत येतात. जुना कागद मजबूत असतो, पण दौतीच्या शाईचं लिखाण पाण्यानं वाहतं. ओल्या कापसाची परीक्षा इथेही करा. शाई उतरत असेल तर खळ तुकड्याला न लावता पुठ्ठ्याला लावा, पातळ, आणि तुकडा कोरडाच टेकवून वरून कोऱ्या कागदानं दाबा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पेट्यांमध्ये उर्दू आणि मोडीतले कागद निघतात. ते दिसायला देखणे असतात, शिक्के असतात, आणि कोलाज करणाऱ्याचा हात त्यांच्याकडे जातोच. ते कापू नका. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, खासरा पत्रकाच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीच्या, एका ओळीवर आजही जमिनीचे वाद अडतात. तुम्हाला वाचता न येणारा कागद कुणाच्या तरी घराचा एकमेव पुरावा असू शकतो. फोटो काढा, झेरॉक्स लावा, मूळ कागद ज्याचा त्याला द्या किंवा वाचणाऱ्याला दाखवा.

फुगे आणि आधीच वाकलेलं काम

फुगा म्हणजे अडकलेली हवा किंवा गोंद न पोचलेली जागा. तुकडा मधोमध टेकवून बाहेरच्या दिशेनं दाबत गेलं की हवा निघते. वाळल्यावर राहिलेल्या फुग्याला बारीक सुईनं भोक पाडा, सिरिंजनं पातळ फेविकॉलचा थेंब सोडा, वर बटर पेपर ठेवून फरशीखाली ठेवा.

वाकून बसलेला कोलाज जोर लावून उलटा वाकवू नका, वरचा थर तडकतो. मागे कागद लावलेला नसेल तर पहिला उपाय तोच. पुढच्या ग्रेनला समांतर असा कागद खळीनं भिजवून, पूर्ण लोळू देऊन मागे लावा आणि वजनाखाली वाळवा. तो आकसताना पुठ्ठ्याला मागे ओढून आणतो. मागचा कागद असूनही वाकला असेल तर मोठा प्लास्टिकचा टब घ्या, तळाला पिळून काढलेलं ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर कोलाज. पाण्याचा स्पर्श कुठेच होता कामा नये. झाकण लावून दोन-तीन तास ठेवा. पुठ्ठा मऊ पडला की कोऱ्या कागदात घालून दोन दिवस फरशीखाली. रात्रभर टबमध्ये ठेवू नका, बुरशी धरते.

फ्रेम करताना काच कोलाजला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. श्रावणात ओल येणाऱ्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, कागदाचं काम लावूच नका.

आणि कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. खळीतला मैदा हे तिचं खाणं आहे. दसऱ्याला घर काढाल तेव्हा प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू पाहा. कडेला कुरतडल्यासारखी जागा किंवा पिवळसर भुकटी दिसली तर काम फ्रेममधून काढून मऊ ब्रशनं झाडा. लहान काम असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी दुसऱ्या दिवशीच उघडा, नाहीतर बाहेरची वाफ थेट कागदावर बसते. मोठ्या कामाला हे जमत नाही. त्याची फ्रेम बदला, मागून कागदी टेपनं सगळ्या फटी बंद करा आणि दर महिन्याला एकदा मागे डोकावत राहा.